महाधमनीची झडप : ग्रेडियंट मध्यम, क्षेत्रफळ मात्र तीव्र. इकोचे आकडे वाचावेत कसे?

रानवारा :

माझ्या सासूबाई 74 वर्षांच्या आहेत. गेल्या दिवाळीपासून त्यांना एक जिना चढला तरी धाप लागते आणि मध्येच थांबावे लागते. डॉक्टरांना तपासताना मर्मर (ठोक्यांसोबत येणारा जादा आवाज) ऐकू आला, म्हणून टू-डी इको करून घेतला. पहिल्या रिपोर्टमध्ये महाधमनीच्या झडपेतून जाणाऱ्या रक्ताचा कमाल वेग सेकंदाला 3.2 मीटर, सरासरी ग्रेडियंट (झडपेच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या दाबातील फरक) 26 मिमी पारा आणि झडपेचे क्षेत्रफळ 0.9 चौरस सेंटिमीटर असे लिहिले असून शेवटी 'मध्यम स्टेनोसिस', म्हणजे झडप मध्यम अरुंद, असा शेरा आहे. महिन्याभराने दुसऱ्या ठिकाणी तीच तपासणी केली, तेव्हा वेग 3.4, ग्रेडियंट 28, क्षेत्रफळ 0.7 आणि शेरा 'तीव्र स्टेनोसिस' असा आला. हृदयाची पंप करण्याची क्षमता, म्हणजे ईएफ, दोन्ही वेळा 60 टक्के आहे.

उपचाराचा निर्णय आम्ही डॉक्टरांसोबतच घेणार आहोत. येथे विचारायचे आहे ते एवढेच, की वेग आणि ग्रेडियंट जवळपास सारखे असताना एकाच झडपेला दोन वेगळी नावे कशी मिळतात? इकोमधला डॉप्लर, म्हणजे रक्ताचा वेग दाखवणारा भाग, नेमके काय मोजतो आणि कोणता आकडा त्यातून हिशेबाने काढला जातो, हे जाणकारांनी समजावून सांगावे.

ध्वनिरेखा :

मी इंग्लंडमध्ये लीड्स येथे कार्डियाक फिजिओलॉजिस्ट म्हणून काम करते. येथे इको बहुतांशी आमच्यासारखे प्रशिक्षित तंत्रज्ञ करतात आणि ब्रिटिश सोसायटी ऑफ एकोकार्डिओग्राफीची परीक्षा देऊन त्याची मान्यता मिळवतात. भारतात बहुतेक वेळा प्रोब, म्हणजे छातीवर टेकवायचे उपकरण, डॉक्टरांच्याच हातात असतो. मापन मात्र दोन्हीकडे एकच आहे.

यंत्र प्रत्यक्षात मोजते ते कंपनसंख्येतला फरक. प्रोबमधून गेलेला ध्वनी वाहत्या रक्तपेशींवर आपटून परत येतो. रक्त प्रोबकडे येत असेल तर परतणाऱ्या ध्वनीची कंपनसंख्या वाढते, दूर जात असेल तर घटते. या फरकावरून यंत्र वेग काढते. त्यात एक मोठी अट आहे. ध्वनीची रेषा आणि रक्ताच्या प्रवाहाची रेषा एकाच दिशेत असायला हव्यात. दोन्हींमध्ये 20 अंशांचा कोन असला तर वेग सुमारे 6 टक्क्यांनी कमी दिसतो आणि 30 अंशांचा असला तर 13 टक्क्यांनी. खरा वेग 4 मीटर असताना 30 अंशांच्या कोनातून तो सुमारे 3.5 दिसेल. ग्रेडियंट वेगाच्या वर्गावर अवलंबून असल्यामुळे 64 च्या जागी 48 लिहिला जाईल. म्हणजे कोन चुकला तर रोग नेहमी सौम्यच दिसतो, तीव्र कधी दिसत नाही. म्हणून हा दोष अधिक घातक आहे.

अरुंद झडपेतून निघालेली धार नेमकी कोणत्या दिशेला जाईल, ते आधी सांगता येत नाही. म्हणून आम्ही हृदयाच्या टोकाकडून मोजून थांबत नाही. रुग्णाला उजव्या कुशीवर वळवून छातीच्या हाडाच्या उजव्या कडेलाही प्रोब लावतो. त्यासाठी पेन्सिलसारखा बारीक प्रोब असतो, ज्यात चित्र दिसत नाही, केवळ आलेख आणि आवाज मिळतो. 2 मेगाहर्ट्झच्या प्रोबने सेकंदाला 4 मीटर वेग मोजताना जो फरक पडतो तो सुमारे 10 हजार हर्ट्झचा असतो, म्हणजे कानाला ऐकू येणारा. प्रोब बरगड्यांमधल्या फटीत केसाएवढा सरकवत गेले की घोगरा, फरफरता आवाज हळूहळू तीक्ष्ण शिट्टीसारखा होतो. तो स्वच्छ झाला की हात तेथेच स्थिर ठेवून आलेख गोठवायचा. या कामात डोळ्यांआधी कान लागतात, असे मला मनापासून वाटते.

रानवारा, दोन्ही रिपोर्टांमध्ये वेग कोणत्या जागेवरून घेतला ते लिहिले आहे का, ते पाहावे.

गणिती_सातारा :

ध्वनिरेखा यांच्या प्रतिसादाला थोडी पूर्वपीठिका जोडतो. क्रिस्तियान डॉप्लर यांनी 1842 मध्ये प्राग येथे हे तत्त्व मांडले ते जोडताऱ्यांच्या रंगांविषयी. ताऱ्यांच्या रंगांचे त्यांचे स्पष्टीकरण टिकले नाही, तत्त्व टिकले. 1845 मध्ये हॉलंडमध्ये बॉइस बॅलट यांनी धावत्या रेल्वेगाडीवर तुतारी वाजवणारे बसवून ध्वनीच्या बाबतीत त्याची खातरजमा केली. हृदयाकडे ते यायला शतकाहून अधिक काळ गेला. स्वीडनमधील लुंड येथे एडलर आणि हर्ट्झ यांनी 1953 मध्ये हृदयाच्या हालचालीचे प्रतिध्वनी नोंदवले. जहाजबांधणीच्या कारखान्यात धातूतील भेगा शोधण्यासाठी जे यंत्र वापरत, तशाच यंत्रापासून त्यांची सुरुवात झाली होती. त्यानंतर काही वर्षांतच जपानमध्ये ओसाका येथे सातोमुरा यांनी डॉप्लर हृदयावर वापरला.

आज रिपोर्टमध्ये जो ग्रेडियंट लिहिला जातो, त्याचे श्रेय मुख्यतः नॉर्वेकडे जाते. ओस्लोमध्ये होलेन यांनी 1976 च्या सुमारास आणि त्यापाठोपाठ ट्रॉन्डहाइममध्ये लिव्ह हाटले आणि अँगेलसेन यांनी बर्नूलीच्या (द्रवाचा वेग आणि दाब यांचा संबंध सांगणाऱ्या) समीकरणाचे सोपे रूप वापरून वेगावरून दाबातील फरक काढण्याची रीत रुळवली. वेगाचा वर्ग करून त्याला 4 ने गुणायचे, की उत्तर थेट मिमी पाऱ्यात मिळते. आपल्या उदाहरणात 3.2 चा वर्ग 10.24, म्हणजे कमाल ग्रेडियंट 41. त्याआधी हाच आकडा मिळवण्यासाठी हृदयात कॅथेटर घालावा लागे.

माझा आग्रह एवढाच, की हे समीकरण मूळ समीकरणाचे अनेक पदे गाळून केलेले रूप आहे, हे विसरू नये. झडपेखालचाच वेग सेकंदाला दीड मीटरच्या वर गेला असेल तर तोही वजा करावा लागतो. त्यामुळे डॉप्लरच्या ग्रेडियंटला मी 'मापन' म्हणणार नाही, 'अनुमान' म्हणेन.

हृदयवैद्य :

गणिती यांचे म्हणणे तत्त्वतः बरोबर आहे, पण ग्रेडियंट हे रिपोर्टमधले सर्वांत कमकुवत अनुमान आहे असा समज त्यातून होऊ नये. कमकुवत कडी दुसरीकडे आहे आणि धागाकर्तीच्या प्रश्नाचे उत्तर तेथेच आहे.

क्षेत्रफळ डॉप्लर मोजत नाही. ते सातत्याच्या समीकरणाने काढले जाते. झडपेच्या अलीकडे, डाव्या कप्प्याच्या बाहेर पडण्याच्या मार्गातून जितके रक्त जाते तितकेच झडपेतून गेले पाहिजे. म्हणून त्या मार्गाचे क्षेत्रफळ गुणिले तेथील प्रवाहाचे अंतर (एका ठोक्यात रक्त जितके पुढे सरकते ते), भागिले झडपेतील प्रवाहाचे अंतर, असा हिशेब आहे. त्या मार्गाचा व्यास पडद्यावर दोन खुणा ठेवून मोजतात आणि त्याचा वर्ग करतात. एकाने व्यास 2.1 सेंमी धरला आणि दुसऱ्याने 1.9, तर 2 मिलिमीटरच्या या फरकाने क्षेत्रफळात 20 टक्क्यांहून अधिक फरक पडतो. सासूबाईंचे 0.9 आणि 0.7 यांतील बहुतेक अंतर यातूनच आले असण्याची शक्यता मला दिसते. रिपोर्टमध्ये 'एलव्हीओटी' या अक्षरांपुढे तो व्यास लिहिलेला असतो, तो पाहावा.

आता शेऱ्याविषयी. कमाल वेग 4 मीटर किंवा अधिक, सरासरी ग्रेडियंट 40 किंवा अधिक, क्षेत्रफळ 1 चौरस सेंमी किंवा कमी, या तीव्र स्टेनोसिसच्या प्रचलित खुणा आहेत. पहिल्या डॉक्टरांनी ग्रेडियंटकडे पाहून 'मध्यम' लिहिले, दुसऱ्यांनी क्षेत्रफळाकडे पाहून 'तीव्र'. वास्तविक दोघांच्याही आकड्यांत तोच विरोध आहे.

असा विरोध दिसला की झडपेतून रक्तच कमी जात आहे का, हे पाहावे लागते, कारण ग्रेडियंट अडथळ्याइतकाच प्रवाहावरही अवलंबून असतो. अनेक वर्षे रक्तदाब असलेल्या वयस्क स्त्रियांत डाव्या कप्प्याची भिंत जाड होते आणि आतली जागा लहान होते. ईएफ 60 टक्के असला, तरी मुळात कप्प्यात मावणारे रक्तच थोडे असल्यामुळे प्रत्येक ठोक्याला बाहेर पडणारे रक्त कमी भरते. शरीराच्या पृष्ठफळाच्या प्रत्येक चौरस मीटरमागे ते 35 मिलिलिटरपेक्षा कमी असेल तर त्याला कमी प्रवाह म्हणतात. अशा हृदयात झडप खरोखर तीव्र अरुंद असूनही ग्रेडियंट 40 पर्यंत पोहोचत नाही.

तपासणीच्या वेळी रक्तदाब किती होता? तो 180 असेल तर त्यानेही प्रवाह घटतो आणि आकडे फसवतात.

रानवारा :

आपण सर्वांनी इतके सविस्तर लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. दोन्ही रिपोर्ट काढून पाहिले. व्यास पहिल्यात 2.1 आणि दुसऱ्यात 1.9 असाच आहे! वेग कोणत्या जागेवरून घेतला ते एकातही नाही. रक्तदाब पहिल्यात लिहिलेला नाही, दुसऱ्यात 176/84 आहे.

शमिका_ना :

थोडा वेगळा प्रश्न विचारते. माझे वय 34 आहे. नोकरीसाठीच्या आरोग्य तपासणीत माझ्या इकोवर 'ट्रिव्हियल एमआर, ट्रिव्हियल टीआर', म्हणजे मायट्रल आणि ट्रायकस्पिड झडपांतून किंचित गळती, असे लिहून आले आहे. तेव्हापासून घरात सगळे काळजीत आहेत आणि आईने माझे गड चढणे बंद केले आहे.

ध्वनिरेखा :

शमिका, झडपांची रचना नेमकी दिसत असेल आणि हृदयाचे कप्पे वाढलेले नसतील, तर एवढीशी गळती असंख्य निरोगी माणसांत दिसते. यंत्रे इतकी संवेदनशील झाली आहेत की झडप मिटताना मागे सरकणारे थोडेसे रक्तही रंगात उमटते. डॉक्टरांनी मर्मर नाही आणि झडप नेहमीसारखी आहे असे सांगितले असेल, तर त्यांना थेट विचारा की गड चढण्यास काही हरकत आहे का. हे उत्तर आईसमोर मिळाले तर अधिक बरे.

विहंग :

रंगीत डॉप्लरमध्ये गळती किती मोठी आहे ते डोळ्यांना स्पष्ट दिसते. मग एवढ्या समीकरणांची गरज काय? माझ्या वडिलांच्या मायट्रल (डावीकडच्या दोन कप्प्यांमधल्या) झडपेची गळती पडद्यावर भिंतीलगत एक बारीक पट्टी एवढीच दिसत होती आणि पहिल्या रिपोर्टमध्ये तिला 'सौम्य' म्हटले होते.

हृदयवैद्य :

विहंग, आपले उदाहरणच आपल्या मताच्या विरुद्ध जाते. धार वरच्या डाव्या कप्प्याच्या भिंतीला चिकटून वाहते तेव्हा ती आहे त्यापेक्षा बरीच लहान दिसते. तिरकी, भिंतीला बिलगलेली धार दिसली की मी उलट अधिक सावध होतो, कारण झडपेचे एक पान निसटलेले किंवा त्याला धरून ठेवणारा दोरा तुटलेला असू शकतो.

रंग हे वेगाचे चित्र आहे, रक्ताच्या घनफळाचे नव्हे. प्रोबकडे येणारे रक्त लाल आणि दूर जाणारे निळे दाखवण्याचा संकेत आहे, आणि ठरवलेली वेगमर्यादा ओलांडली की रंग उलटतो. ती मर्यादा यंत्रावर कमी केली की तीच गळती पडद्यावर मोठी दिसते. म्हणून ती सेकंदाला 50 ते 60 सेंमीच्या आसपास ठेवून पाहायचे असते. गळतीची तीव्रता ठरवताना धारेची मान, म्हणजे तिचा सर्वांत अरुंद भाग, मोजतात. ती 7 मिमी किंवा त्याहून रुंद असेल, मागे जाणारे रक्त ठोक्याला 60 मिलिलिटर किंवा अधिक असेल, फुप्फुसांतून येणाऱ्या शिरांमध्ये हृदय आकुंचन पावताना प्रवाह उलटा वळत असेल, तर गळती तीव्र मानण्यास आधार मिळतो. यांपैकी एकाच खुणेवर मी भिस्त ठेवत नाही.

भुलीखाली रक्तदाब उतरला की मायट्रलची हीच गळती एक पायरी कमी दिसू शकते, म्हणून शस्त्रक्रियेच्या टेबलावरच्या चित्रावरून आधीचा निर्णय सहसा बदलत नाहीत. वडिलांचे पुढे काय झाले?

विहंग :

दुसऱ्या डॉक्टरांनी अन्ननलिकेतून इको केला. मागच्या पानाचा दोरा तुटलेला निघाला. झडप दुरुस्त करण्यात आली आणि ते आता रोज सकाळी फिरायला जातात. रंगाविषयीचे माझे मत मात्र आपण बदललेत.

देवगडकर :

महाधमनीच्या झडपेविषयी बरेच लिहिले गेले, पण आपल्याकडे तरुण वयात दिसणारा झडपेचा आजार म्हणजे संधिवाताच्या तापाने आखडलेली मायट्रल झडप. माझ्या धाकट्या बहिणीला कित्येक वर्षे दम्याची औषधे चालू होती. पहिल्या बाळंतपणाच्या वेळी सहाव्या महिन्यात तिला आडवे झोपता येईना, तेव्हा कोणीतरी इको करण्यास सांगितले आणि झडपेचे क्षेत्रफळ 1 चौरस सेंमीच्याही खाली निघाले. गरोदरपणात रक्ताचा प्रवाह वाढतो आणि नाडी जलद होते, त्यामुळे इतके दिवस दबलेला आजार उघडा पडला, असे डॉक्टरांनी समजावले. फुगा घालून झडप रुंद केली, बाळ आणि आई दोघेही सुखरूप आहेत. तिला अजून दर 21 दिवसांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन घ्यावे लागते.

फुगा घालण्याआधी झडपेला गुण देतात, हे मी तेव्हा प्रथम ऐकले. त्याविषयी कोणी लिहील का?

हृदयवैद्य :

देवगडकर, तो विल्किन्स गुणांक, 1988 पासून वापरात असलेला. पानांची हालचाल, जाडी, कॅल्शियम आणि झडपेखालचे दोरे, या चार गोष्टींना प्रत्येकी 1 ते 4 गुण देतात. बेरीज 8 किंवा कमी असेल तर फुग्याने चांगला उपयोग होण्याची शक्यता अधिक असते. शिवाय वरच्या डाव्या कप्प्यात रक्ताची गुठळी नाही ना, हे अन्ननलिकेतून पाहिल्याखेरीज फुगा घालत नाहीत. ही फुग्याची रीत जपानमधील कांजी इनोउए यांची.

येथे डॉप्लरचा वेगळा उपयोग होतो. झडप उघडल्यावर दोन कप्प्यांतील दाबाचा फरक निम्मा व्हायला किती मिलिसेकंद लागतात ते मोजतात, आणि 220 ला त्या आकड्याने भागले की क्षेत्रफळ मिळते. ही रीत हाटले आणि अँगेलसेन यांचीच. फरक निम्मा होण्यास 220 मिलिसेकंद लागले तर झडप 1 चौरस सेंमी. मात्र फुगा घातल्यानंतर लगेच हे सूत्र विश्वासार्ह राहत नाही. मायट्रलचा सरासरी ग्रेडियंट तर नाडीच्या गतीने इतका बदलतो की नाडी लिहिलेली नसेल तर तो आकडा वाचण्यात अर्थ नाही. अमेरिकी मार्गदर्शक सूत्रांनी 2014 पासून 1.5 किंवा त्याहून कमी क्षेत्रफळालाच तीव्र म्हटले आहे.

पाड्यावरचा_डॉक्टर :

पालघर जिल्ह्यातील आदिवासी भागात काम करतो. देवगडकर यांच्या बहिणीसारख्या मुली मी पाहतो, आणि त्या फार उशिरा येतात. स्टेथोस्कोपने शोध घेणे अपुरे पडते, हे आता सिद्ध आहे. 2007 मध्ये कंबोडिया आणि मोझांबिकमधील शाळकरी मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात इकोने सापडलेले रुग्ण केवळ तपासून सापडलेल्यांच्या सुमारे दहापट होते. युगांडातील मुलांवरचा अभ्यास 2021 मध्ये आला. आजार छुपा असताना पेनिसिलिन दिलेल्या मुलांपैकी दोन वर्षांत 0.8 टक्के मुलांत तो वाढला, न दिलेल्यांत 8.2 टक्के. मला हा फरक झोप उडवणारा वाटतो. प्रत्येक आश्रमशाळेत हातात मावणारे इको यंत्र पोहोचले पाहिजे.

गणिती_सातारा :

मग शमिका यांच्यासारखी 'ट्रिव्हियल' गळती हजारो मुलांत निघेल आणि त्या सर्वांना वर्षानुवर्षे इंजेक्शने टोचली जातील. हे योग्य होईल का?

पाड्यावरचा_डॉक्टर :

त्यासाठी निकष आहेत. वर्ल्ड हार्ट फेडरेशनने 2012 मध्ये ठरवल्याप्रमाणे (हे निकष 2023 मध्ये सुधारले गेले) मायट्रलची गळती आजाराची मानायची तर ती दोन वेगवेगळ्या दिशांनी दिसली पाहिजे, निदान एका ठिकाणी धारेची लांबी 2 सेंमी किंवा अधिक हवी, वेग सेकंदाला 3 मीटर किंवा अधिक हवा आणि ती हृदय आकुंचन पावण्याच्या संपूर्ण काळात टिकली पाहिजे. शमिका यांच्यासारखी क्षणिक गळती यात बसत नाही. वेग आणि काळ हे दोन निकष डॉप्लरच्या आलेखाशिवाय तपासता येत नाहीत. म्हणून हातातल्या यंत्रावर संशयित मुले निवडून त्यांना पुढे पूर्ण इकोसाठी पाठवावे, असे माझे म्हणणे आहे.

अडचण कायद्याच्या बाजूनेही आहे आणि तिच्याविषयी बोलले पाहिजे. गर्भलिंग तपासणीविरुद्ध महाराष्ट्राने 1988 मध्ये कायदा केला, 1994 मध्ये केंद्राचा आला. तो आवश्यकच होता, मुली वाचल्या पाहिजेत. त्यामुळे इकोच्या यंत्रांचीही नोंदणी करावी लागते आणि 2012 च्या नियमांनुसार सुटसुटीत यंत्र नोंदणीकृत जागेबाहेर किंवा फिरत्या वैद्यकीय पथकाबाहेर नेता येत नाही. कायद्याला जराही ढिलाई न देता फिरत्या पथकांतच अशी यंत्रे देणे शक्य आहे, आणि मी त्यासाठी पाठपुरावा करत आहे.

ऐसिट्रॉमकर :

माझी महाधमनीची झडप धातूची आहे. दरवर्षी इकोत वेग 2.8 च्या आसपास येतो आणि नवीन डॉक्टर भेटले की 'स्टेनोसिस' म्हणून दचकतात. अशांसाठी काही सांगता येईल का?

ध्वनिरेखा :

कृत्रिम झडप मूळ निरोगी झडपेपेक्षा थोडी अरुंदच असते, त्यामुळे हा वेग अपेक्षितच असू शकतो. अशा वेळी झडपेअलीकडच्या प्रवाहाचे झडपेतील प्रवाहाशी गुणोत्तर काढतात, त्यात व्यासाची भानगडच नसते. ते 0.25 पेक्षा खाली गेले तर अडथळ्याची शंका घ्यायची. शस्त्रक्रियेनंतरचा पहिला इको आपल्यासाठी सर्वांत मोलाचा आहे. झडपेच्या कार्डासोबत त्याची प्रत कायम जवळ ठेवा आणि प्रत्येक नवा रिपोर्ट त्याच्याशी ताडून पाहायला सांगा.

रानवारा, हेच गुणोत्तर आपल्या दोन्ही रिपोर्टांमध्येही काढता येईल. मूळच्या झडपेत ते 0.25 किंवा कमी असणे तीव्रतेकडे बोट दाखवते.

रानवारा :

थोड्या दिवसांनी लिहीत आहे, कारण मधल्या काळात बरेच घडले. ध्वनिरेखा यांनी सांगितलेले गुणोत्तर आमच्या डॉक्टरांना विचारले. व्यासाचा वाद सोडला तर ते दोन्ही रिपोर्टांमध्ये 0.25 च्या आसपासच होते. त्यांनी आधी औषधांनी रक्तदाब 130 च्या जवळ आणला आणि मग पुन्हा इको केला. या वेळी छातीच्या उजव्या कडेवरूनही मोजले. तेथे वेग 3.8 आणि सरासरी ग्रेडियंट 36 आला. हृदयाच्या टोकाकडून वेग मात्र अजूनही 3.4 च होता. प्रवाह चौरस मीटरमागे 32 मिलिलिटर. शंका राहू नये म्हणून त्यांनी सीटी स्कॅनवर झडपेतील कॅल्शियम मोजले. स्त्रियांमध्ये 1200 किंवा त्याहून अधिक असेल तर तीव्र स्टेनोसिसची शक्यता मोठी असते, असे ते म्हणाले. सासूबाईंचा आकडा 1900 च्या पुढे आहे. आता झडप बदलायचीच आहे. शस्त्रक्रिया की पायाच्या धमनीतून टावी (छाती न उघडता नळीतून नवी झडप बसवणे), यावर पुढील आठवड्यात चर्चा आहे.

हृदयवैद्य :

आपल्या डॉक्टरांनी अगदी योग्य क्रमाने तपास केला. चर्चेला जाताना तीन गोष्टी विचारा. सीटीवर झडपेच्या कड्याचे माप किती आहे, पायाच्या धमन्या नळी जाण्याइतक्या रुंद आहेत का, आणि हृदयाच्या स्वतःच्या धमन्यांत अडथळा आहे का. 74 व्या वर्षी दोन्ही मार्ग खुले असतात आणि निवड बऱ्याच अंशी या उत्तरांवर ठरेल.

गणिती_सातारा :

मी 'अनुमान' म्हटले होते, त्या मतावर मी ठाम आहे. पण येथे चार वेगवेगळी अनुमाने एकाच दिशेला आली. उजव्या कडेवरचा वेग, गुणोत्तर, प्रवाह आणि कॅल्शियम. एवढे झाल्यावर मीही निर्णय घेतला असता. सासूबाईंना शुभेच्छा.

ध्वनिरेखा :

रानवारा, झडप बदलल्यानंतरचा पहिला इको घरी जाण्यापूर्वी किंवा महिन्याभरात होईल. त्याच्या रिपोर्टवर व्यास, रक्तदाब, नाडी आणि वेग कोणत्या जागेवरून घेतला, या चारही नोंदी लिहून द्यायला आधीच सांगून ठेवा.